नखाएवढा दगड

"यंदा मी घराला मजला मागितला नाही, पोरगा मागितला, आणि डोंगरानं नखाएवढाच दिला."

कासिल्दा माझ्या अंगणातल्या बाकावर बसून हे म्हणाली, मागच्या ऑगस्टात, उरकुपिन्याच्या सणात डोंगरावरून उतरल्यावर. केसांत रंगीत कागदाच्या चकत्या होत्या, शालीला दगडावर ओतलेल्या बिअरचा वास होता. तिनं मूठ उघडून दाखवली. तळहातावर राखाडी कपची, एका बाजूनं धारदार. मी ती उचलायला गेले तर तिनं मूठ मिटली.

"घण कमी मारलास का?" मी विचारलं.

"हात सोलले, कोमाद्रे. शेजारच्या बाईनं दोन घावांत डुकराएवढा दगड काढला. तिला ट्रक पाहिजे होता. मला काय पाहिजे होतं ते माय ऐकत होती की नव्हती, कोण जाणे."

ती मला कोमाद्रे म्हणायची, कारण तिच्या पोराला, एल्मेरला, बाप्तिस्म्याच्या पाण्यावर मी धरलं होतं. माझं घर तिच्या घरासमोर, विंतो गावात, जुन्या रुळांच्या पलीकडे. माझ्या दारावर पांढरं निशाण लटकलं की गल्लीला कळतं, चिचा, मक्याची दारू, तयार आहे. कासिल्दा पीत नसे. ती बसायला यायची आणि तिथून आपल्या घराकडे बघत राहायची, जसं कोणी दुसऱ्याच्या घराकडे बघतं.

आमच्याकडे वर्षाची मागणी दगडात असते. डोंगरावर घण मारायचा, जो तुकडा निघेल तो मायनं, डोंगरावरच्या देवमातेनं, उसना दिला असं समजायचं, घरी आणायचा, आणि पुढच्या ऑगस्टात तोच तिच्या पायाशी परत ठेवायचा. मग नवा. बहुतेक लोक दगड देव्हाऱ्यात ठेवतात आणि वर्षभर विसरतात. कासिल्दा विसरत नसे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी गल्लीत घरोघरी निखाऱ्यांवर कोआचा नैवेद्य जळतो, साखरेच्या वड्या वितळतात, धूर खाली बसून राहतो. त्या धुरात ती दगड पाण्यानं धुवायची, मांडीवर घ्यायची आणि महिन्याचा हिशेब त्याला सांगायची. विटा आल्या. खिडकीची चौकट आली, पण वाकडी. पाण्याचं कनेक्शन अजून नाही, तो माणूस हुलकावण्या देतो. दगडाला दोष देत नसे, लाडही करत नसे. मुकादमानं मजुराशी बोलावं तसं बोलायची.

आणि काम व्हायचं. कुत्र्याच्या डोक्याएवढा दगड आणला त्या वर्षी खालचा मजला उभा राहिला. नंतर वरचा. पैसे एल्मेर पाठवायचा, इटलीतल्या बेर्गामोहून. तिथे तो लोकांच्या न्हाणीघरांत लाद्या बसवायचा. इथे त्याचा बाप निकानोर, स्वतः गवंडी, त्या पैशांतून भिंती चढवायचा. कासिल्दा मागायची, मुलगा पाठवायचा, नवरा बांधायचा. गल्लीत तिचं नाव झालं. बायका विचारायच्या, तू दगडाला काय सांगतेस गं? ती म्हणायची, खरं सांगते.

एका दुपारी ती बाकावर बसली असताना मी सहज म्हटलं, "दोन मजले आणि माणसं दोनच. खोल्यांत काय ठेवणार?"

तिनं समोरच्या बंद खिडक्या मोजल्या. मग म्हणाली, "मी मजला मागते म्हणून पोरगा तिकडे राहतो. नाही का?"

मागच्या ऑगस्टात तिनं मुलगा मागितला.

दगड परत नेताना तिची एक रीत होती. पाठीवर अवायोची, रंगीत पट्ट्यांच्या कापडाची गाठ बांधली की डोंगरावर दगड खाली ठेवीपर्यंत तोंडातून शब्द नाही. कोणी हाक मारली तरी नाही. एकदा वाटेत निकानोरला कुत्रा चावला, तरी ती बोलली नव्हती. निकानोर तो किस्सा लग्नाकार्यांत सांगायचा. "मी ओरडतोय आणि ही बाई बघतेय. मला वाटलं, कुत्र्याच्या बाजूची आहे."

कपची तिनं मायच्या तसबिरीपुढे, काचेच्या वाटीत ठेवली. सप्टेंबरातल्या शुक्रवारी तिनं सांगितलं, एल्मेर तिकिटं बघतो म्हणाला. पुढच्या महिन्यात, मालक सुट्टी देत नाही. नोव्हेंबरात त्यानं फोनवर विचारलं की मेलेल्यांच्या दिवसासाठी भाकरीची बाहुली केलीस का, आणि रडला. ते तिनं कपचीला दोनदा सांगितलं.

मग, कोणी न मागता, पैसे आले. नेहमीपेक्षा जास्त. एल्मेर बापाला म्हणाला, अपा, तिसरा मजला घाल, मी आलो की वरच्या खोलीत राहीन, तिथून डोंगर दिसेल.

निकानोर खूश. कासिल्दानं पैशांकडे असं पाहिलं जसं दारात कोणी परका गाठोडं ठेवून गेला असावा.

"मी हा मागितला नव्हता," ती मला म्हणाली. "मागितलेलं येत नाही आणि न मागितलेलं येतं. हे कोणाचं आहे, कोमाद्रे?"

"पोराचं आहे. आणखी कोणाचं?"

"घर आपलं आपण वाढतंय," ती म्हणाली.

मार्चअखेर पाऊस संपला आणि खांब उभे राहिले. आठवड्यानं स्लॅब टाकला. गल्लीतले सगळे पुरुष आले, बादल्या हातोहात वर चढल्या, मिक्सर सकाळभर घरघरत होता. मी चिचाचे दोन माठ दिले. दुपारी सगळे अंगणात जेवायला बसले, बटाटे, मक्याची कणसं, तिखट कोंबडी. निकानोरचा चेहरा सिमेंटनं पांढरा झाला होता, डोळे लाल.

"हा मजला पडणार नाही," तो शेजाऱ्याला म्हणाला. "सगळे खांबात कोकाची पानं घालतात, साखरेच्या गोळ्या घालतात. मी काय घातलं माहीत आहे? मायचा दगड. डोंगराकडच्या कोपऱ्यातल्या खांबात, अगदी बुडाशी. आता भूकंप येऊ दे, नाहीतर माझी सासू येऊ दे."

लोक हसले. कासिल्दा ताटं वाढत होती. तिनं हातातलं ताट कोणापुढेही न ठेवता जमिनीवर ठेवलं.

"कुठला दगड?"

"तुझाच गं. वाटीतला. एवढासा होता, म्हटलं घराला तरी उपयोगी पडेल."

"तो परत न्यायचा असतो, निकानोर."

"नेऊ की. डोंगराखाली ढीग पडलाय, त्यातला एक उचलून नेऊ. मायला काय, सगळे दगड तिचेच."

"त्यात पोरगा होता," कासिल्दा म्हणाली.

कोणीतरी हसण्याचा प्रयत्न केला आणि थांबला. निकानोरनं वर पाहिलं. स्लॅबखालच्या फळ्यांतून पाणी ठिबकत होतं. त्यानं पेला भरला, थोडी चिचा जमिनीला दिली आणि उरलेली तशीच हातात धरून बसला.

त्यानंतर शुक्रवारी ती वर जाऊ लागली. कोऱ्या खोलीत, त्या खांबापाशी, निखाऱ्यांचं भांडं घेऊन. खांबाला पाण्याचा हात लावायची आणि सांगायची. मी एकदा कडक भाजलेली मक्याची भाकरी घेऊन गेले होते, तेव्हा ऐकलं. "मे महिना. खोकतोय. गोळ्या घेतो म्हणाला. आवाज भिंतीआडून आल्यासारखा येतो." ती बोलायची आणि मग कान लावायची. मला ते पाहवलं नाही. त्यांचा म्हातारा कुत्रा जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून राहायचा, वर यायचा नाही.

जूनमध्ये, सान हुआनच्या थंडीत, एल्मेरचा फोन लागला नाही. जुलैत तो बंदच होता. त्याच्या सोबतच्या मुलानं कळवलं, काम सोडून गेला, कुठे ते सांगितलं नाही. निकानोर रोज सकाळी फोन चार्ज करायचा, पुसायचा, टेबलावर मधोमध ठेवायचा. दोघंही त्याच्याकडे बघत जेवायची.

"नवा नंबर घेतला असेल," तो म्हणायचा.

"नंबर कशाला लागतो? तो वर आहे," ती म्हणायची, आणि पुढचा घास घ्यायची.

ऑगस्टात आमच्याकडे जमिनीचं तोंड उघडं असतं. जे द्यायचं ते तेव्हा द्यावं लागतं, नाहीतर ती स्वतः घेते. लहानपणापासून हे ऐकलेलं असतं आणि अकरा महिने कोणी त्याचा विचार करत नाही. यंदा त्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी, भर दुपारी, मला समोरून छिन्नीचा आवाज आला. मी जिना चढून गेले. कासिल्दा खांबापाशी गुडघ्यांवर बसली होती. सिमेंटचे टवके उडत होते.

निकानोर दारात उभा होता. "बाई, वर स्लॅब आहे. स्लॅबवर पाण्याची टाकी आहे. भरलेली."

तिनं घाव घातला.

"मी तुला दुसरा खांब बांधून देतो, तू म्हणशील तिथे. पण हा फोडू नकोस."

ती थांबली. "तू घातलास. तूच सांग, कुठे घातलास."

तो आत येऊन खांबापाशी वाकला. मग त्यानं बोटानं दाखवलं, बुडापासून हातभर. "सळ्यांना हात लावू नकोस," तो म्हणाला, आणि खाली जाऊन निलगिरीचे वासे घेऊन आला. संध्याकाळपर्यंत त्यानं खांबाभोवती टेकू दिले. तो वासा ठोकायचा, ती छिन्नी ठोकायची. नवराबायकोला इतकं जुळवून काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पण खांबात खडीच असते. नदीची, राखाडी, धारदार, नखाएवढी, अंगठ्याएवढी. दर घावाला दहा कपच्या बाहेर पडायच्या आणि प्रत्येक तीच वाटायची. कासिल्दा एकेक धुवायची, मुठीत धरायची, बाजूला ठेवायची. पहिल्या दिवशी तिला वाटलं, ओळखू येईल. दुसऱ्या दिवशी ती तळहाताकडे बघत बसली.

"इतके महिने रोज पाहिली," ती म्हणाली. "आता आठवत नाही, कोमाद्रे. धार कुठल्या बाजूला होती?"

मी पाहिली होती. मलाही आठवली नाही. मी तिला तसं सांगितलं.

"मग सगळंच न्यावं लागेल," ती म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच जरा हलकेपणा होता.

ती फोडत राहिली. खांबाच्या बुडाशी पोकळी झाली, सळ्या उघड्या पडल्या, कोंबडीच्या पायासारख्या. निकानोर सकाळ-संध्याकाळ टेकूंवर हात ठेवून बघायचा. टाकी रिकामी करायला गेला तर तिचा खाली आणलेला जुना नळ गंजून बसला होता. बादल्यांनी उपसू म्हणाला, पण त्यासाठी वर चढावं लागलं असतं, आणि चढायचं नाही असं त्यानंच सगळ्यांना बजावलं होतं. "कोणी वर चाललं नाही, कोणी खोलीत शिरलं नाही, तर सण संपेपर्यंत धरेल," तो म्हणाला. "सण संपला की मी खांब भरून घेतो."

डोंगरावर जायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. लांबून बँडचा आवाज येत होता, सगळा रस्ता माणसांनी भरून वाहत होता. स्वयंपाकघरात कासिल्दानं अवायो जमिनीवर पसरला होता आणि पिठाच्या पोत्यांतली खडी त्यात ओतत होती. फार झाली होती. मी म्हटलं, अर्धी मी घेते. तिनं नकार दिला. ती मांडी घालून बसली, ओझं पाठीशी घेतलं, टोकं छातीवर आणली आणि गाठ मारली. त्यानंतर ती बोलणार नव्हती, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

मी आणि निकानोरनं तिला दंडांना धरून उभं केलं. तेव्हा फोन वाजला.

अनोळखी नंबर होता. निकानोरनं घाईत आवाज मोठा केला.

"अपा? मी आहे. कोणाचा तरी फोन घेतलाय. मी विमानानं सांता क्रूसला उतरलोय."

निकानोरनं फोन दोन्ही हातांत धरला.

"ऐकू येतंय का? माझा फोन विकला मी, तिकिटाला कमी पडत होते. म्हटलं, न सांगताच यावं. संध्याकाळपर्यंत घरी पोचतो. सणाला पोचतो की नाही बघ."

"ये," निकानोर म्हणाला. "ये बाळा."

"वरच्या खोलीत गादी टाकून ठेवा. आज तिथेच झोपणार मी."

निकानोरनं माझ्याकडे पाहिलं. "खाली झोप रे. वर गार असतं. अजून काम आहे थोडं."

"काम मी करीन. काही सांगू नका, अपा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरात लाद्या बसवल्या, एकच विचार करत बसवल्या. खिडकी उघडायची आणि डोंगर बघायचा. आधी गच्चीवर जाईन, मग झोपेन."

"एल्मेर, ऐक," निकानोर म्हणाला. खांब फोडलाय, हे सांगायचं तर का फोडला ते सांगावं लागलं असतं.

"अमा कुठे आहे? अमाला द्या."

निकानोरनं फोन तिच्या तोंडापुढे धरला. कासिल्दानं तोंड किंचित उघडलं. मी पाहिलं, तिचे ओठ मुलाच्या नावाला लागले होते.

वर, दोन मजले वर, काहीतरी करकरलं. ओला वासा उन्हात करकरतो तसं. तिघांनीही छताकडे पाहिलं.

"अमा?" फोन म्हणाला. "आहेस का?"

तिनं ओठ मिटले. निकानोरच्या मनगटावर क्षणभर हात ठेवला, त्याला बाजूला केलं, छातीवरची गाठ दोन्ही हातांनी आवळली, आणि खांबाचं ओझं पाठीवर घेऊन, वाकून, एक शब्दही न बोलता दाराबाहेर पडली.