सवाल काय होता?

मौलाना पोस्टात आले की आधी माझं मराठी दुरुस्त करायचे. ‘साहेबांनी सुट्या बंद केल्याचा फतवा काढला,’ असं मी सहज बोलून जायचो आणि त्यांची पांढरी दाढी हलायची. “बाबू, फतवा काढत नसतात. कोणी विचारलं तं देतात. वरतं सवाल, खालतं जवाब. सवाल काय होता, ते सांगा पहिले!” मी आपला हात जोडायचो.

सौंसरच्या पोस्टात मी कारकून होतो आणि ते समोरच्या मशिदीत नमाज पढवायचे. आपण फतवा देणारे मुफ्ती नाही, हे ते मोठ्या अभिमानानं सांगत. कोणी तलाकाचं, वाटणीचं विचारायला आलं की त्याला माझ्या खिडकीशी आणत, त्याच्याच हातानं सवाल लिहून घेत आणि दूरच्या मुफ्तींकडे धाडत. “दुसऱ्यानं लिवला का सवाल मोठा होऊन जाते,” म्हणायचे. निम्मे लोक लिहिता लिहिताच समजूत पटून घरी जात.

गावात रहमानभाईंचा बँड होता. गणपती असो, लग्न असो की आमच्या बौद्ध वस्तीची जयंतीची मिरवणूक, त्यांच्या क्लॅरिनेटशिवाय पान हलत नसे. एका वर्षी जयंती चार दिवसांवर आलेली असताना एक छापील कागद गावात आला. कुठल्याशा बंदूकवाल्या टोळीच्या म्होरक्यानं फतवा म्हणून काढलेला. जो परधर्मीयांच्या मिरवणुकीत वाजवतो तो धर्माबाहेर, त्याला मारणं पुण्याचं, असं त्यात होतं.

शुक्रवारची नमाज सुटली आणि सायकलदुकानवाला सलीम हातात सळई घेऊन रहमानभाईंच्या घराकडे निघाला. मागे सात-आठ जण. मौलाना अनवाणीच धावत येऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. मी खिडकीतून बघत होतो.

“फतवा आहे, मौलाना!” सलीम ओरडला.

“वाच मंग. वरतं सवाल काय लिवला आहे?”

सलीमनं कागद उलटापालटा केला. “सवाल नाही.”

“मंग कायचा फतवा? खून करायची हौस त्यांची, नाव अल्लाचं, अन् तू त्यांचा हमाल होऊन राहिला? चाल, आपण सवाल लिवू. बाबू, एक पोस्टकार्ड!”

त्यांनी त्याला दंडाला धरून आत आणलं आणि टेबलाशी बसवलं. सलीमनं रागारागानं रहमानभाईंचं नाव लिहिलं, मिरवणुकीत वाजवतो असं लिहिलं.

“आगे लिव. रामाकोन्याहून तुह्या बापाचा जनाजा आणला, तवा पुरी वाट खांदा कोणी देल्ला? तेबी लिव. मुफ्तीले पुरं समजलं पाहिजे.”

‘खांदा’ एवढं लिहून पेन थांबलं. दारातले लोक एकेक करून पायऱ्या उतरले. सलीमनं सळई टेबलाखाली सरकवली आणि तोंड झाकून रडू लागला. मौलाना त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

जयंतीला रहमानभाई वाजवत होते. ढोलाच्या गाडीचं चाक सलीमनं सकाळीच नीट करून दिलं होतं.

पुढे डोळे गेले तेव्हा मौलाना मुलीकडे पांढुर्ण्याला राहायला गेले. बसच्या खिडकीतून म्हणाले, “बाबू, साहेबांनी काही फतवा काढला का?”

“नाही, मौलाना. हुकूम काढला.” केवढे खूश झाले!

ते वारल्याचं सलीमच मला सांगायला आला. मी जपून ठेवलेलं ते पोस्टकार्ड त्याच्यापुढे केलं. त्यानं ते वाचलं, माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि राहिलेली ओळ पुरी केली: ‘खांदा रहमानभाईंनी दिला.’