चाचांचा पुढे ढकललेला सामना

पंचवटीतल्या आमच्या शिंपी चाचांनी दिलेल्या तारखेत मी नेहमी चार दिवस वाढवायचे. विचारलं, की टाचण्या ओठांत धरूनच ते म्हणत, "ताई, उद्या पक्कं."

फुटबॉलसाठी मात्र ते वेळेआधी हजर. लीगच्या सामन्याचं तिकीट काढून एका रविवारी ते पहाटेच्या एसटीने मुंबईला गेले. मैदानाच्या फाटकावर कागद चिकटवलेला होता: सामना गुरुवारी, तिकीट तेच चालेल.

सोमवारी ते संतापले होते. "लोक लांबून येतात, ताई! आधी सांगायला नको?"

हसावं की हळहळावं, मला कळेना. "चाचा, पण गुरुवारी माझ्या मुलीचा ब्लाऊज द्यायचाय. शुक्रवारी साखरपुडा आहे."

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि ब्लाऊजचं कापड पुढे ओढलं.

बुधवारी संध्याकाळी ते स्वतः घरी आले. ब्लाऊज शिवून तयार होता, हुकांची पुडी वेगळी. "एवढे हूक तुम्ही लावा. पहाटे निघतोय."

"आणि सामना परत पुढे गेला तर?"

"तर रात्री येऊन मीच लावतो," ते गंभीरपणे म्हणाले.

मी सुईत दोरा ओवला. पण सामना व्हावा की होऊ नये, हे काही केल्या मला ठरवता येईना.