हळदीपुरतं मशीन

फोन आला तेव्हा मी पळस्प्याला एका खानावळीच्या मागच्या दारात उभी राहून सुक्या सोड्यांचा भाव ठरवत होते. करंजाहून भाचा महेश बोलत होता. आई गेली, म्हणाला. चहा घेतला, उंबऱ्याशी बसली आणि बसल्या जागी गेली. मी बरं म्हटलं, फोन पिशवीत टाकला आणि खानावळवाल्याला सांगितलं, या भावात जवळा मिळेल, सोडे नाही. तो थोडा वर आला, मी थोडी खाली आले, माल उतरवला आणि मग टेम्पो करंजाकडे वळवायला सांगितला. हे वाचून कुणाला कसं वाटेल ते मला कळतं. वाटो. आता काही आठवडे झाले, तरी डोळ्यांतून पाणी आलेलं नाही. हात काम करतात, तोंड भाव बोलतं. बाकी आत काही हलत नाही...

द्रौपदीताई माझी सख्खी मोठी बहीण. लग्नानंतर ती करंजालाच राहिली, मी पनवेलला आले. ती धक्क्यावर लिलावात बोली लावून मासळी घ्यायची, खाऱ्या पाण्यात धुऊन वाळवायची आणि मी ती पनवेलात विकायची. टोपलीपासून सुरुवात केली, आज गाळा आहे, टेम्पो आहे. कुणी हातावर काही ठेवलेलं नाही. रोज दुपारी जेवण झालं की ताईचा फोन यायचा. आधी बोंबलाचा भाव, मग शेजारणीची भांडणं, मग माझ्या तब्येतीवरून शिव्या. धंदा कुठे संपतो आणि बहीण कुठे सुरू होते, हे त्या फोनवर कधी कळायचं नाही.

मग तिचे कान गेले. एकदम नाही, ओहोटीसारखे. धक्क्यावर पुकारणाऱ्याची बोली तिला अर्धी कळेनाशी झाली, हातचे वाटे दुसऱ्यांकडे जाऊ लागले. दारात आलेल्या गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तर ही नुसती बघत राहायची. लोक म्हणायचे, म्हातारीला माज आलाय. मला मात्र गंमत वाटायची, कारण बहिऱ्या माणसाशी घासाघीस करता येत नाही, शेवटी समोरचाच देतो. पण तिने धक्क्यावर जाणं सोडलं, आणि दुपारचा फोनही बंद झाला. मी लावला तर महेशची बायको उचलायची आणि सांगायची, आईंना ऐकू जात नाय. तेव्हा गंमत संपली. मला माझी बहीण फोनवर परत हवी होती. दुसरं काही नको होतं.

महेश चांगला मुलगा आहे, हे आधीच लिहिते, कारण पुढे मी त्याच्याविषयी वाईट लिहिणार आहे. कानाचं मशीन घ्यायला तो मला बरोबर घेऊन गेला, मी भाव करीन म्हणून. पनवेलातलं काचेचं दुकान, आत थंडगार. टायवाल्याने पहिलाच प्रश्न विचारला, तुमचं बजेट किती? माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बोंबील घ्यायला आलेल्या बाईला मी आधी तिची पिशवी उघडून दाखव म्हणते का? तू वस्तूचा भाव सांग." तो हसला आणि मशिनांची रांग मांडली. दिसायला सगळी सारखी, किमती मात्र सोनाराच्या दुकानातल्या. मी महेशला हाताला धरून बाहेर आणलं. थांब, म्हटलं, हा आठ दिवसांत खाली येईल. महेश थांबला नाही. दुसऱ्या दिवशी एकटा गेला आणि टायवाल्याने सांगितलेल्या भावाला मशीन घेऊन आला. आईसाठी काय घासाघीस करायची, असं मला वर ऐकवलं.

आणि मग काय झालं? इतकी महाग वस्तू, म्हणून ती दागिन्यांच्या डब्यात गेली. रोज सकाळी वाळवणात हात घालणाऱ्या बाईने ती कानात घालायची कशी? खारं पाणी लागेल, पडेल, कोंबडी उचलेल. मशीन कपाटात, चावी सुनेच्या कमरेला. लग्नकार्य आलं की मंगळसूत्र, पाटल्या आणि मशीन असं एकत्र बाहेर निघायचं. आमच्याकडची हळद ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. बॅन्जो, स्पीकर, छाती हादरते. धडधाकट कानाची माणसं तिथे कापूस घालतात, आणि माझी बहीण तिथे मशीन घालून बसायची. ताईचं त्या मशीनविषयी एकच मत झालं, की त्याने डोकं उठतं. महाग वस्तू आपण वापरत नाही, जपतो. टायवाल्याला हे माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्याचं काय बिघडत होतं?

मी हरायला तयार नव्हते. विचारत विचारत रुबीना मॅडमपर्यंत पोचले. कान तपासायचं रीतसर शिक्षण घेतलेली, विचुंब्याला एका खोलीत बसणारी बाई. तिने सरळ सांगितलं, मावशी, साधं मशीन फार महाग नसतं, काचेचं दुकान महाग असतं. मी म्हटलं, म्हातारी माणसं मी गोळा करते, मासेमारी बंद असते तेव्हा करंजाच्या धक्क्यावरचा हॉल रिकामाच असतो, तू घाऊक भाव दे. मशीनच्या भावात ती माझ्याबरोबर खाली खाली येत गेली. मग मी म्हटलं, दुसऱ्या-तिसऱ्यांदा येण्याचे पैसे काढून टाक, एकदा लावून दिलं की झालं. तिथे ती थांबली. म्हणाली, "मशीनमध्ये हवं तेवढं घासा, मावशी, माझ्या फेऱ्यांमध्ये नाही. आवाज पुन्हा पुन्हा जुळवून दिला नाही, तर खुदा कसम, तुमची सगळी मशिनं डब्यात जातील." डबा हा शब्द ऐकला आणि मी तिच्या फेऱ्या कबूल केल्या. आयुष्यात एकदाच मी मागितलेला भाव सोडून उठले, ती तिथे.

हॉलमध्ये रांग लागली. ताई यायलाच तयार नव्हती, घरात एक हाय ना, म्हणायची. तरी ओढून आणली. कानामागे साधं मशीन बसलं, रुबीनाने आवाज जुळवला, आणि मी ताईच्या कानाशी जाऊन नेहमीसारखी ओरडले, ऐकू येतंय का? ताईने डोळे मोठे केले.

"येवरी वरडतंस कनाला, शेवंते? मी काय बयरी हाय?"

सगळा हॉल हसला. हे मशीन स्वस्त, म्हणून कुणी कपाटात ठेवलं नाही. वाळवणावर, चुलीपुढे, भांडणात, सगळीकडे ते तिच्या कानाला. रात्री तांदळाच्या बरणीत, दमटपणा नको म्हणून. आणि दुपारचा फोन सुरू झाला. वर्षभरही टिकला नाही, पण सुरू झाला.

मी पोचले तेव्हा ताईला ओटीवर ठेवलं होतं. नवं लुगडं, कपाळावर मळवट. आणि कानात ते महाग मशीन. महेशने डब्यातून काढून स्वतःच्या हाताने घातलं होतं. "मावशी, आईला तिथं तरी चांगलं ऐकू येऊ दे," म्हणाला. मी विचारलं, सेल घातलास का? घातला नव्हता. मी सगळ्या गावासमोर म्हटलं, "जिवंतपणी कपाटात, आणि मेल्यावर कानात. काढ ते. रुबीनाकडे अजून लोक मशीनसाठी थांबलेत." त्याने काढलं नाही. ते तिच्याबरोबर गेलं. तेव्हापासून महेश माझ्याशी बोलत नाही, मी त्याच्याशी बोलत नाही. तो चुकला असं मला आजही वाटतं. तेराव्याला मी भांडून बरणीतलं मशीन मात्र घेऊन आले. रुबीनाने ते पुसून, नवी नळी लावून, दुसऱ्या एका म्हातारीला जुळवून दिलं. तिचं नाव मी विचारलं नाही.

माझ्याकडे ताईचं म्हणावं असं काही उरलेलं नाही. एक खोड आहे. मशीन कानामागे असल्यामुळे ताई फोन कानाच्या वर, डोक्याला लावायची. मग तोंड फोनपासून लांब, म्हणून ती धक्क्यावरून होडीला हाक मारल्यासारखी ओरडायची, आणि मी माझा फोन हातभर लांब धरायची. अजून तसाच धरते. परवा एका नव्या खानावळवाल्याचा फोन होता. दोनदा त्याचं बोलणं कळलं नाही तेव्हा त्याने विचारलं, मावशी, तुम्हाला कमी ऐकू येतं का?

फोन जवळ न आणता मी त्याला म्हटलं, भाव बोल.