रिठदला आलेला इंग्रज पाहुणा

नामदेवकाकांचे आभार आधी मानते, गोष्ट नंतर सांगते. कारण गोष्ट सुरू होते तेव्हा रिठद गावच्या पटांगणात माणसं मावत नाहीयेत, स्टेजवरची मखमली खुर्ची रिकामी आहे, आणि ज्या पाहुण्यासाठी ती मांडली आहे तो सहाशे वर्षांपूर्वी वारला आहे. त्याला आमंत्रण दिलं ते मी.

मी वऱ्हाडातल्या मालेगावात एका छोट्या प्रेसमध्ये डीटीपी ऑपरेटर आहे. लोक हाताने लिहून आणतात, मी ते कॉम्प्युटरवर टाईप करून, सजवून छपाईला देते. माझं माहेर कोकणात, शिरोड्याकडे. नववीत शाळा सुटली, पण बोटं चालतात. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आले, आणि इकडे सगळे मला 'कोकन'च म्हणतात. आमचे मालक गजूभाऊ. त्यांनी मला ठेवतानाच सांगितलं होतं, "आधी पाहू, मंग पक्कं करू." ते 'पाहू' अजून चालूच होतं.

वैशालीताई आमच्या गिऱ्हाईक. रिठदच्या शेतकऱ्याची मुलगी, कॉलेजात इंग्रजी शिकवतात. एका फार जुन्या इंग्रज कवीचं त्या वऱ्हाडीत भाषांतर करत होत्या. ते मी टाईप करायचे. कविता म्हणजे एक लांबलचक भांडण. एक म्हातारा मीठवाला आणि त्याची गाढवीण समुद्रकाठावरून बाजाराला निघतात आणि जास्त ओझं कोण वाहतं यावर वाटभर भांडतात.

ताईंची कामाची पद्धत न्यारी होती. जुनं इंग्रजी आधी आजच्या इंग्रजीत आणायचं, मग आपल्या पुस्तकी मराठीत, आणि तिथून वऱ्हाडीत. शेवटचा टप्पा घरी व्हायचा नाही म्हणे. त्यासाठी त्या प्रेसमध्ये यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "गजूभाऊ, गाढवीण मालकावर चिडली तं काय म्हणन?"

लग्नपत्रिका घ्यायला आलेले लोक पत्रिका विसरून उत्तरं सुचवायचे.

"म्हणन, मेल्या, तुह्या बापानं कधी ओझं वाह्यलं काय!"

"नाई गा, ते बाई माणूस होय. म्हणन, तुह्यापेक्षा तुही काठी हुशार हाय!"

ताई उड्या मारत ते लिहून घ्यायच्या. एकदा मी भीत भीत विचारलं, "ताई, इंग्रजांची कविता अशी बाजारातल्या बोलीत चालते का?"

"अव, त्याच्या काळात मोठे लोक फ्रेंच झाडत. हा गडी बाजारातलंच बोलते. मंग मी कायले त्याले कोट घालू?"

आता 'त्याच्या काळात' हे शब्द मी ऐकले होते. पण त्यावर थांबले नाही, कारण बाकी वेळ ताई त्या कवीबद्दल घरातल्या माणसासारखं बोलायच्या. "आज लय सतावलं त्यानं." "तो ऐकतच नाई व." "काल मले इतकं हसवलं, भाजी करपली." मला वाटलं, कुणी म्हातारा इंग्रज आहे, फोनवर बोलत असतील दोघं.

मग ताई प्रकाशनाच्या आमंत्रणाचा मजकूर घेऊन आल्या. घाईत होत्या.

"ताई, कवींचं नाव काय टाकू?"

"नाव त्यानं कुठी लावलंच नाई. नुसतं कवी लिही."

केवढा साधा माणूस, मी मनात म्हटलं. "कार्यक्रमाला येतील ना ते?"

ताई हसत हसत पायऱ्या उतरल्या. "येणारच! त्याच्याबिगर कार्यक्रम होते कसा?"

आमच्याकडे कार्डाची जुनी फाइल उघडायची आणि नावं बदलायची अशी रीत आहे. त्या फाइलमध्ये 'प्रमुख पाहुणे' अशी ओळ होती आणि ताईंच्या मजकुरात पाहुणा नव्हता. इकडे कार्डावर पाहुण्याची ओळ रिकामी म्हणजे घरात नवरदेव नसण्यासारखं. मी ती भरली. 'प्रमुख पाहुणे : इंग्लंडचे सुप्रसिद्ध कवी.' सुप्रसिद्ध माझ्या पदरचं.

मग प्रूफ निघालं. प्रूफ म्हणजे छापण्याआधी गिऱ्हाईक वाचून सही करतं तो कागद. ताई कॉलेजात होत्या, म्हणून त्यांचे वडील, नामदेवकाका, मोटारसायकलवर आले. इकडे कार्डाचं प्रूफ वाचायची एकच पद्धत आहे. भाऊबंदांची नावं वयानुसार लागली का, कुणाचं राहिलं का, एवढं बघायचं. काकांनी बोट फिरवत नावं तपासली. मग बोट वर गेलं आणि पाहुण्यांवर थांबलं.

"हा येऊन राह्यला?"

"हो काका. ताई म्हणाल्या, येणारच."

काका खुर्चीत सरळ झाले. "इतके वर्स माही पोरगी या मानसासंग भांडून राह्यली. गाव मले इचारते, नामदेव, तुही पोरगी करते तरी काय? आता पाहू द्या त्याइले." आणि झोकात सही केली.

कार्डं काकांनी परस्पर वाटली. रिठद झालं, जवळचं केनवड झालं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ताई पुस्तकं न्यायला आल्या. मी काळजीपोटी विचारलं, "ताई, ते तिखट खातात का? काकांनी फोन केला होता. म्हणाले, पाहुण्यासाठी बिनतिखटाची भाजी वेगळी करू का?"

"कोण पाहुणा?"

"तुमचे कवी."

ताईंनी कार्ड हातात घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. "अव माय! तो मरून सहाशे वर्सं झाले!"

"अगो बाय माझ्या!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

गजूभाऊ मशीन बंद करून आले. त्यांनी आधी कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे. "वा! मेलेल्या मानसाले आवतन. उद्या स्टेजवर तूच उभी राह्यजो अन् माफी मांगजो. मंग पाहू तुह्या नोकरीचं."

ताईंनी काकांना फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं. मग काका म्हणाले, "आता कोनाले काई सांगू नका. फेटा आनून ठेवला हाय. पाहू."

दुसऱ्या दिवशी रिठदला पोचलो तर काय! पताका, बँड, केनवडची पोरं मोटारसायकलींवर. पहिल्या रांगेत एक आजी शेजारणीला सांगत होती, "म्या कधी गोरा मानूस जवळून पाह्यला नाई. हात लावून पाहीन." गजूभाऊंनी डोळ्यांनी खूण केली. मी स्टेजवर चढले, माईक धरला, आणि माझा आवाजच फुटेना.

"कोकन, इकडं दे." मागून काकांनी माईक घेतला.

"मंडळी, कार्डाचं प्रूफ म्या पास केलं. सही माही हाय. त्याच्यात पाहुना इंग्लंडचा हाय, अन् तो आला हाय."

सगळ्या माना रस्त्याकडे वळल्या.

"तिकडं कायले पाहता? तो पायी आला. सहाशे वर्सं चालत होता, म्हनून उशीर झाला. कोनी गाडी पाठवली नाई त्याले. माह्या पोरीनं आनला." आणि काकांनी पुस्तकाची पहिली प्रत मखमली खुर्चीत उभी ठेवली, तिला शाल गुंडाळली, पुढे नारळ ठेवला आणि वरून तो नवाकोरा फेटा चढवला. फेटा पुस्तकापेक्षा मोठा. पुस्तक त्यात पार बुडालं.

लोक खुर्चीकडे बघत राहिले. माझी नोकरी त्या फेट्याला लोंबकळत होती.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "काका, पाहुना लय बारका हाय!"

"सहाशे वर्सं उपाशी हाय, बारका नाई होईन तं काय!"

पटांगणात हशा फुटला. बँडवाल्यांना वाटलं इशारा झाला, त्यांनी वाजवायला घेतलं. ते थांबेपर्यंत लोक हसून हसून गुडघ्यांवर आले होते. ताईंनी फेट्यातून पुस्तक उपसलं आणि गाढविणीचं भाषण वाचायला घेतलं. 'तुह्यापेक्षा तुही काठी हुशार हाय' आलं तशी पहिल्या रांगेतली आजी उभीच राहिली. "हे तं मी आमच्या बुढ्याले रोज म्हनतो! या इंग्रजाले कोनं सांगतलं व?"

"आजी, त्याचीही बायको असंन!" ताई म्हणाल्या आणि त्यांनाच पुढे वाचवेना. एक ओळ वाचायच्या, लोक ती परत म्हणायला लावायचे. एका म्हाताऱ्याने मीठवाल्याची बाजू घेतली, त्यावर बायका तुटून पडल्या. कविता राहिली बाजूला, रिठदमध्ये ओझं कोण वाहतं हा वाद पेटला. बिनतिखटाची भाजी कुणी चाखली नाही. ती पाहुण्याच्या खुर्चीपुढे तशीच ठेवली होती.

परतताना मालेगाव जवळ आलं तेव्हा गाडीत गजूभाऊ म्हणाले, "उद्या टाइमावर येजो. अन् त्या फाइलीतली पाहुण्याची ओळ काढून टाक." पक्कं झालं ते असं.

एवढ्यावरून मी एक शिकले. पाहुण्याचं नाव टाकण्याआधी आता मी गिऱ्हाईकाला विचारते, माणूस हयात आहे का? लोक चमकून बघतात. बघू देत.

त्या दिवशी रिठदहून निघताना मी काकांच्या पाया पडले होते, तर ते म्हणाले, "ते राहू दे. मले एक सांग, समुद्राच्या पान्यातून मीठ निघते तरी कसं? पोरीनं इतक्यांदा वाचून दाखवलं, माह्या डोक्यात बसतच नाई." काकांनी समुद्र पाहिलेला नाही. आमच्याकडे शिरोड्याला मिठागरं आहेत. पाणी आटतं आणि खाली पांढरं मीठ उरतं, ते सांगून कुणाला पटत नाही, बघावंच लागतं. काका, एक दिवस मी तुम्हाला तिथे नेणार आहे. गाढवीण नाही, एसटीत खिडकीची जागा. आणि मिठाची पहिली मूठ तुमच्या हातात मी ठेवणार.