परत फेकायचा बॉल

नदीवरचा पूल ओलांडताना ती कॅप बदलायची. उत्तरेकडे जाताना निळी, दक्षिणेकडे जाताना काळी. स्वयंपाकघरातला रेडिओ एका संघाचा, झोपायच्या खोलीतला दुसऱ्याचा. हॉटडॉगवर केचप घेणाऱ्याशी त्या दिवसापुरतं बोलणं बंद. शेंगांची टरफलं नेहमी कोटाच्या डाव्या खिशात. आणि उत्तरवाले हरले की गॅलरीत निळा झेंडा लावायची, मग आत जाऊन रडायची.

हॅलिना ग्राबियेत्स मंगळवारी गेली. ती माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. अजून मी जिन्यात तिच्या पावलांची वाट बघते.

शिकागोत बेसबॉलचे दोन संघ, उत्तरेचा निळा आणि दक्षिणेचा काळा, आणि माणूस एकाच संघाचा असतो. हॅलिना दोन्ही संघांची होती, कारण तिचे आईवडील वेगळे राहायचे. आई उत्तरेला, वडील दक्षिणेला. शनिवार-रविवार वडिलांचा संघ, बाकीचे दिवस आईचा. "एक संघ निवडला असता तर एक घर सुटलं असतं," ती म्हणायची.

ती लहान असताना एका उन्हाळ्यात दोन्ही संघ उत्तरेच्या मैदानावर समोरासमोर आले. वडील तेव्हा हॉस्पिटलात होते. हॅलिना मैदानामागच्या उघड्या बाकांवर बसली होती. दक्षिणेच्या एकाने होमरन मारला, मैदानाबाहेर प्रेक्षकांत उडालेला बॉल थेट तिच्या ओंजळीत आला.

त्या बाकांवर रिवाज आहे. पाहुण्यांचा होमरन हाती आला तर तो ठेवायचा नाही, मैदानात परत फेकायचा. सगळी बाकं ओरडू लागली, "फेक, फेक." हॅलिनाने बॉल पोटाशी धरला. तो वडिलांना द्यायचा होता. तिच्या शेजारच्या घरातल्या चेस्टर हलुस्काने तिची बोटं एकेक करून उलगडली, बॉल काढला आणि फेकला. लोकांनी त्याचे खांदे थोपटले.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "मॅच बघितलीस ना? मला काय आणलंस?" तिच्या खिशात टरफलं होती. वडील घरी परत आले नाहीत.

चेस्टरने पुढे आमच्या घरासमोरच बार काढला. काउंटरमागे काचेच्या पेटीत एक बॉल ठेवला. उत्तरेच्या संघाचा होमरन, त्याने स्वतः झेललेला, वर ठसठशीत अक्षरांत त्याचीच सही. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या झेलाची गोष्ट ऐकावीच लागायची.

उत्तरेच्या मैदानावर संघ जिंकला की पांढरा झेंडा चढतो, हरला की निळा. हॅलिनाचा निळा झेंडा बरोबर चेस्टरच्या दारासमोर फडकायचा.

"हॅलिने, तूही आमचीच ना गं? स्वतःच्याच हरण्याचा झेंडा लावतेस?" तो रस्त्यातून विचारायचा.

"तुझं तोंड पडलेलं दिसतं. तेवढ्यासाठी परवडतं मला."

"अगं, एका बॉलसाठी? लहान होतो आपण."

"तू होतास. मी अजून त्याच बाकावर बसलेय."

या वसंतात तिने एक नवा बॉल आणला. कोऱ्या चहात बुडवला, मागच्या गल्लीतल्या चिखलात घोळवला, वाळवला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"चेस्टरचा. उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी तो बिअरचं पिंप बदलायला तळघरात उतरला, तेवढ्यात हिने बॉल बदलला. सहीसुद्धा हिनेच केली होती. "त्याच्यापेक्षा बरी जमली," म्हणाली. नंतर कित्येक आठवडे लोक त्या चहातल्या बॉलकडे बघून माना डोलवत होते. हॅलिना कोपऱ्यात बसून शेंगा खायची.

पण तिला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. या रविवारी दोन्ही संघांची उत्तरेच्या मैदानावर मॅच आहे. "चेस्टर बाकांवर असणारच. त्याचा खरा बॉल आधी त्याच्या नाकासमोर धरायचा. सही वाचू द्यायची. मग फेकायचा."

"आपल्याच संघाचा होमरन? तो कुणी परत फेकत नाही. लोक तुला फाडून खातील."

"खाऊ देत. त्याचा चेहरा बघून झाल्यावर खाऊ देत."

तिचा खांदा निकामी झाला होता. म्हणून रोज संध्याकाळी आम्ही दुसरा एक जुना बॉल घेऊन गल्लीत सराव करायचो. तिने खडूने रेघ मारली होती. रेघेपलीकडे मैदानाचं गवत, असं धरायचं. बॉल रोज अलीकडेच पडायचा. सोमवारी वीतभर कमी पडला.

"राहू दे तिथंच," ती म्हणाली. "उद्या तिथूनच पुढे."

काल अंत्यविधीला चेस्टर काळ्या सुटात आला. हातात ती काचेची पेटी. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लहानपणी जरा गंमत केली होती मी हिची. माझा बॉल जाऊ दे तिच्याबरोबर. फिटलं सगळं." त्याने बॉल तिच्या हातापाशी ठेवला. बायका रडल्या. लोकांनी पुन्हा त्याचे खांदे थोपटले.

मी जवळच उभी होते. बॉलवरची सही खरंच बरी जमली होती. शवपेटी बंद झाली.

"तूही तिच्यासारखीच बघतेस माझ्याकडे, पोरी," बाहेर आल्यावर चेस्टर म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

खरा बॉल शेंगांच्या पिशवीत, माझ्या टेबलावर आहे. शेजारी रविवारची दोन तिकिटं. मगाशी गल्लीत जाऊन आले. खडूची रेघ अजून स्पष्ट आहे. सोमवारचा बॉल तिच्या वीतभर अलीकडे पडला आहे.