ओळखीची सही

ही गोष्ट मी अजून कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, अम्मीजवळ नाही. अब्बांजवळ बोलायला हवी होती — ते आता नाहीत. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

मी साताऱ्यात वकिली करते. माहेर रहिमतपूरचं. अब्बा शिंपी होते. माझा पहिला काळा कोट त्यांनीच शिवला, आणि गिऱ्हाइकांना दाखवायला आठ दिवस दुकानात टांगून ठेवला. तो कोट घालून मी एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली चार वर्षं काढली. फाइली लावल्या, तारखा मागितल्या. उभं राहून बोलायची वेळ आली की काम दुसऱ्याकडे जायचं. दर वर्षी नव्या वकिलांची रांग वाढत होती आणि पक्षकार म्हणायचे, केस आहे हो, बाईमाणसाला कशी द्यायची? शेवटी मी कोर्टाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकलं आणि प्रतिज्ञापत्रं करायला लागले.

हे सांगतेय ते सबब म्हणून नाही. निदान तसं होऊ नये असा प्रयत्न आहे.

प्रतिज्ञापत्र कसं होतं, ते तुम्ही पाहिलं असेल. मजकूर टाइप होतो, माणूस सही किंवा अंगठा करतो, आणि त्याखाली एक ओळ असते — यांना मी व्यक्तिशः ओळखतो. तिथे वकिलानं सही करायची. त्या सहीवर विश्वास ठेवून शेजारच्या टेबलावरचे नोटरी शिक्का मारतात. दिवसाला तीस-चाळीस माणसं. कुणाला ओळखणार? कुणीच ओळखत नव्हतं. पण आधार कार्ड बघायचं, नाव विचारायचं, चेहरा बघायचा — एवढं तरी करायचं असतं. मी बहुतेक वेळा करायचे.

बहुतेक वेळा.

एका दुपारी माण तालुक्याकडचा एक माणूस आला. बिरू त्याचं नाव. मेंढरं राखणारं घर, आता थोडी शेती. बाप वारला होता आणि माळावरची जमीन वारसांच्या नावावर करायची होती. माझी संमती आहे, माझं नाव लावू नये, असं बहिणीचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. सोबत एक बाई होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. मी विचारलं, "मावशी, नाव काय तुमचं?" उत्तर बिरूनं दिलं. "बायडाबाई. भन हाय माजी. लाजती लय." आधारच्या झेरॉक्सवरचा फोटो काळा पडला होता. मागे सात-आठ माणसं उभी होती. बाईनं अंगठा उठवला आणि मी सही केली.

पदर जरा मागे घ्या, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी बाई आहे; मी म्हटलं असतं तर त्यात कुणाला काही वाटलंही नसतं.

तरीसुद्धा, कबूल करायचं आहे ते हे नाही. इथवर तो निष्काळजीपणा होता. असं वकिलांमध्ये सगळ्यांचं कधी ना कधी झालेलं असतं, चहा पिताना ते हसून सांगतातही. माझं पुढचं मी हसून सांगू शकत नाही.

तीन वर्षांनी मला शेडमधून उठून एका खोलीत ऑफिस थाटता आलं होतं. दारावर पाटी होती. एका सकाळी पन्नाशीची एक बाई आली. काटक, कपाळावर गोंदण, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आटपाडीकडून तीन एसट्या बदलून आली होती. म्हणाली, "बाई वकील हाय म्हनून कळलं, म्हनून आले. बाप्या मान्सापुडं भावाचं उनं बोलवत न्हाई."

आणि नाव सांगितलं. बायडाबाई.

मला लगेच आठवलं असं नाही. रोजची एवढी नावं. पण त्यांनी पिशवीतून कागद काढला, लेकीनं अर्ज करून मिळवलेली नक्कल, आणि टेबलावर ठेवला. नकलेची नक्कल. शिक्क्याचा नुसता काळा डाग उरला होता. त्याच्या बाजूला सही मात्र स्वच्छ होती. माझी.

त्या समजावून सांगत होत्या आणि मी सहीकडे बघत होते. बाप माळ दाखवून म्हणायचा, यात तुजा बी हिस्सा हाय. नवरा गेल्यावर त्यांना तिथे एक खोली बांधून शेरडं पाळायची होती. भावाला विचारलं तर तो म्हणाला, तूच लिहून दिलंस. आता त्या माळावर पवनचक्कीवाले यायला लागले होते आणि भाऊ जमीन द्यायला निघाला होता.

"आवं वकीलबाई, ह्यो आंगठा बगा," त्या म्हणाल्या. "मी सही करती. रातच्या वर्गात शिकलीया. मला सही येती तर मी आंगठा कशाला उठवीन?"



त्यांनी बोट सरकवत माझ्या सहीवर आणलं. "आन् ह्ये कोन हाय? मला वळखतो म्हनून लिवलंय म्हनं. तेवडं नाव वाचून सांगा. मी जाऊन इचारीन त्याला, बाबा, तू मला कवा बगितलंस?"

मी कागद हातात घेतला. उजेडाकडे धरला. चष्मासुद्धा पुसला. आणि म्हणाले, "वाचता येत नाही, मावशी."

कबूल करायचं ते हे.

त्यानंतर जे केलं ते अधिक वाईट होतं की तेवढंच, मला ठरवता आलेलं नाही. कायद्यानं त्या कागदामुळे त्यांचा हक्क गेलाच नव्हता. नोंदीत नाव नाही म्हणून मुलीचा हिस्सा बुडत नाही. वाटपाचा दावा लावायचा, जमीन विकायला मनाई मागायची, अंगठा तपासायला पाठवायचा आणि ओळख देणाऱ्या वकिलाला साक्षीला बोलवायचं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे सांगता आलं असतं. पण ते नोटरी तोवर वारले होते. त्या दिवशी टेबलासमोर कोण उभं होतं, हे सांगणारं परकं माणूस एकच उरलं होतं. मी साक्षीला उभी राहिले असते तर माझी वकिलीची सनद धोक्यात आली असती. पाटी लावून जेमतेम वर्ष झालं होतं.

दुसऱ्या वकिलाकडे जा, असं सांगता आलं असतं. तेही केलं नाही, कारण दुसऱ्यानं ती सही पाच मिनिटांत ओळखली असती.

म्हणून मी त्यांना समजावलं. दावा पंधरा वर्षं चालेल. अंगठा भावजयीचा निघाला तर भाऊ-भावजय दोघं आत जातील. माहेर कायमचं तुटेल. भावानं चार शब्द गोड बोलून काही दिलं तर घ्या आणि मिटवा. यातला शब्द न् शब्द कुठल्या ना कुठल्या प्रकरणात खरा ठरलेला आहे. म्हणूनच तो इतका सहज तोंडी आला. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी शिकल्याल्या. तुमी म्हंता तसं."

दोन महिन्यांनी तडजोड झाली. पवनचक्कीवाल्यांना पक्का कागद हवा होता, म्हणून रीतसर हक्कसोडपत्र करायचं ठरलं, आणि बायडाबाई हट्टानं म्हणाल्या, कागद आमच्या वकीलबाईच करतील.

त्या दिवशी मी सगळं नीट केलं. मूळ आधार कार्ड मागितलं, फोटो चेहऱ्याशी ताडून बघितला, मजकूर ओळ न् ओळ वाचून दाखवला, समजलं का विचारलं. समोर बिरू उभा होता. त्यानं मला आत आल्या आल्या ओळखलं होतं. एकदा नजरेला नजर मिळाली, मग तो भिंतीकडे बघत राहिला. बाकड्यावर त्याची बायको बसली होती, पदर ओढून. म्हणजे त्या खोलीत आम्हा तिघांना माहीत होतं. बायडाबाईंना सोडून सगळ्यांना.

त्यांनी पेन मुठीत धरल्यासारखं धरलं आणि एकेक अक्षर काढत सही केली. वेळ लागला. कुणी घाई केली नाही. सही झाल्यावर त्यांनी ती जरा लांबून बघितली आणि हसल्या — अक्षर बरं आलं म्हणून. बदल्यात त्यांना एक लुगडं मिळालं आणि दिवाळीला माहेरी यायचं बोलावणं. जाताना माझ्या टेबलावर मटकीची पिशवी ठेवून गेल्या. "भाऊ बोलाय लागला, ह्येच लय झालं," म्हणाल्या. मटकी मी घरी नेली. आम्ही ती खाल्ली.

आता माझ्या हाताखाली दोन ज्युनिअर मुली आहेत. ओळखीची सही करायची नाही, अशी त्यांना सक्त ताकीद आहे. त्यांना वाटतं मॅडम तत्त्वाच्या आहेत. कायदेविषयक शिबिरांना मला बोलावतात. गेल्या महिन्यात पाटणला होतं. विषय, वडिलांच्या जमिनीत मुलीचा हक्क. मी चांगलं बोलते. टाळ्या पडतात.

बायडाबाई आहेत. आटपाडीकडेच असतात. त्यांचा पत्ता मला माहीत आहे, फोन नंबरही. या सगळ्या वर्षांत मी तो लावलेला नाही, आणि हे लिहून झाल्यावर लावेन असंही तुम्हाला खोटं सांगत नाही.

त्यांच्या माहेरच्या वस्त्यांवरून अधूनमधून बायका माझ्याकडे येतात. कुणाची वाटणी, कुणाची पोटगी. कुणी पाठवलं विचारलं की सांगतात, बायडाबाईंनी. चांगल्या हायती म्हनल्या, बाईमान्साचं ऐकून घेत्यात.

मी त्यांना बसायला सांगते. कागद बघायला मागते.