मागच्या चाकांवर वजन

यारो, सकाळी अमेरिकेतून दादाचा व्हिडिओ कॉल आला. बर्फात त्याच्या स्पोर्ट्स कारची मागची चाकं जागेवरच गरागरा फिरत होती. परवा आमच्या वडिलांचं, नानांचं ऑपरेशन आहे, अन् त्यासाठी त्याला विमान गाठायचं होतं.

तुम्हाला हसवायला मी गुपचूप रेकॉर्डिंग चालू केलं. म्हटलं, "काय दादा, गाडी घेतली का मिक्सर?"

नानांनी फोनच ओढला. हैदराबादच्या बेगम बाजारात जन्मभर टेम्पो चालवलाय त्यांनी. "डिकीत वजन टाक रे. चिखलात मी मागच्या चाकांवर पोती ठेवायचो."

दादानं तांदूळ, डंबेल, सगळं कोंबलं. गाडी निघाली!

शाळेत असताना नानांचा टेम्पो दिसला की आम्ही दोघं लाजेनं लपायचो.

रेकॉर्डिंगमधलं माझं बोलणं कापलं, नानांचं ठेवलं. तुम्ही विचारलं का कधी बापाला, तो त्याचं काम कसं करतो ते?